'परहॅप्स', 'कदाचित' आणि रायगडचा किनारा : शक्यतावाचक क्रियाविशेषणाच्या मराठी उपयोजनाची चिकित्सा

प्रास्ताविक

इंग्रजीतील 'परहॅप्स' या क्रियाविशेषणाचा अर्थ विचारला असता मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी क्षणाचाही विलंब न लावता 'कदाचित' असे उत्तर देतो. उत्तर चुकीचे नाही. तथापि हाच विद्यार्थी घरी, बाजारात किंवा बंदरावर बोलताना 'कदाचित' हा शब्द फार क्वचित उच्चारतो. तेथे तो 'असेल' म्हणतो, 'असावा' म्हणतो, 'बहुतेक', 'एखादे वेळी', 'न जाणो', 'काय सांगावे' किंवा नुसतेच 'नेम नाही' म्हणतो. कोशातील शब्द आणि ओठांवरचा शब्द यांत पडलेले हे अंतर इंग्रजीच्या अध्यापनात सहसा लक्षात घेतले जात नाही आणि मराठीच्या अध्यापनात तर त्याची दखलच नसते.

प्रस्तुत लेखात या अंतराचे स्वरूप तपासावयाचे आहे. त्यासाठी उरणपासून हरिहरेश्वरापर्यंतचा रायगडचा किनारा डोळ्यांसमोर ठेवला आहे, याचे कारण उघड आहे. येथील माणसाचे आयुष्य शक्यतेच्या विधानांवर चालते. वारा फिरेल की नाही, होडी केव्हा लागेल, पाऊस कधी धरेल, या प्रश्नांची उत्तरे पूर्वी अनुभवी तांडेल देत असे; आज ती हवामानाच्या अंदाजपत्रकातूनही येतात. अंदाजपत्रकामागील संकल्पना इंग्रजीत घडलेल्या असतात आणि श्रोत्यापर्यंत त्या मराठीत पोहोचतात. एका क्रियाविशेषणाचे भाषांतर कसे होते, हा प्रश्न अशा ठिकाणी केवळ व्याकरणाच्या तासापुरता उरत नाही.

शब्दांचे मूळ आणि त्यांचा प्रवास

इंग्रजीतील शक्यतावाचक क्रियाविशेषणे एका मुशीतून निघालेली नाहीत. 'परहॅप्स' या शब्दात 'हॅप' म्हणजे योगायोग, दैव हा अर्थ दडलेला आहे. जे घडेल ते दैवयोगाने घडेल, अशी ती मूळ कल्पना. 'मेबी' हे तर 'इट मे बी' या वाक्याचे आकसलेले रूप होय. 'पॉसिबली'च्या मुळाशी सामर्थ्यवाचक लॅटिन धातू आहे, तर 'प्रॉबेबली'च्या मुळाशी पारखून मान्यता देण्याचा अर्थ आहे. दैव, अस्तित्व, सामर्थ्य आणि पारख या चार वेगळ्या वाटांनी आलेले हे शब्द आज एकाच पटावर, कमी-अधिक खात्रीच्या क्रमाने, मांडले गेले आहेत.

मराठीतील 'कदाचित' मात्र काळाच्या वाटेने आला आहे. संस्कृतात प्रश्नवाचक शब्दापुढे 'चित्' जोडले की अनिश्चिततेचा अर्थ येतो. 'किम्'चे 'किंचित्', 'क्व'चे 'क्वचित्', तसेच 'कदा'चे 'कदाचित्'. म्हणजे मूळ अर्थ 'कधीतरी', 'एखाद्या वेळी'. नकारासह तो आला की अर्थ होतो 'कधीही नाही'. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील विसाव्या श्लोकात, आत्म्याच्या जन्ममरणाचा निषेध करताना, हा शब्द याच अर्थाने आला आहे. आजचा मराठी वाचक मराठी कानांनी तो श्लोक वाचू लागला तर 'आत्मा कदाचित जन्मत नसावा' असा भलताच संशयात्मा अर्थ त्याच्या पदरी पडेल! ठाम निषेधाचे विधान शंकेचे होऊन बसेल. गीतेच्या मराठी अनुवादकाला हा शब्द म्हणूनच जसाच्या तसा ठेवता येत नाही. (विनोबांचे जन्मगाव गागोदे हे याच जिल्ह्याच्या पेण तालुक्यातले, त्यांच्या १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीताई'कडे या दृष्टीने पाहणे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होय.) मराठीने पुढे कामाची वाटणी करून टाकली. 'कधीही नाही' हा अर्थ 'कदापि'कडे गेला, आणि 'कदाचित'कडे शंका तेवढी उरली.

'कधीतरी'पासून 'कदाचित'पर्यंतचा हा प्रवास अपवादात्मक नाही. शुद्ध देशी मराठीत 'एखादे वेळी' या शब्दसमूहाने तोच मार्ग चोखाळलेला दिसतो. 'एखादे वेळी येईलही तो' या वाक्यात वेळेचा संबंध जवळजवळ संपला असून केवळ शक्यता शिल्लक आहे. पोर्तुगीज भाषेतील 'ताल्वेझ' हाही शब्द 'तशी वेळ' या अर्थाच्या दोन शब्दांचा मिळून झाला आहे. १७४० पर्यंत चौल-रेवदंड्याच्या परिसरावर पोर्तुगीजांचा अंमल होता आणि समोरच्या कोर्लई गावात पोर्तुगीज-मराठी संपर्कातून जन्मलेली 'नो लिंग' ही बोली आजही बोलली जाते. कुंडलिकेच्या मुखाशी एकेकाळी समोरासमोर असलेल्या या दोन भाषांनी शक्यतेसाठी काळाचाच शब्द निवडावा, यात उसनवारी नाही. माणसाची विचार करण्याची पद्धत तेवढी समान आहे. जे 'कधीतरी' घडते ते 'आत्ताही' घडू शकते, हे या अर्थांतरामागील तर्कशास्त्र.

'बहुधा'ची कथा निराळी. संस्कृतात त्याचा अर्थ 'अनेक प्रकारे' असा आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील सुप्रसिद्ध ऋचेत तो तसाच येतो. मराठीत तो 'बहुतकरून', 'सामान्यतः' या अर्थावरून 'बऱ्याच अंशी खात्रीने' या अर्थावर आला. 'बहुतेक' हाही असाच, संख्येकडून संभवाकडे सरकलेला शब्द. हिंदीने आपलासा केलेला फारसी 'शायद' मात्र शेकडो फारसी शब्द पचविणाऱ्या प्रमाण मराठीत रुजला नाही. त्याची गरजच भासली नसावी, कारण मराठीत हे काम मुख्यतः क्रियापद करते.

शक्यता क्रियापदात वसते

द्विभाषिक कोशाची एक मर्यादा असते. क्रियाविशेषणासमोर क्रियाविशेषण ठेवणे त्याला भाग पडते. मोल्सवर्थ व कँडी यांच्या इंग्रजी-मराठी कोशापासून (१८४७) आजच्या शालेय कोशांपर्यंत रचना हीच आहे, आणि तिला नाव ठेवण्याचे कारण नाही. दोष कोशाचा नसून कोशालाच व्याकरण समजणाऱ्या वाचकाचा आहे. इंग्रजीत शक्यता वाक्याच्या तोंडाशी किंवा साहाय्यक क्रियापदात सांगितली जाते. मराठीत ती वाक्याच्या शेवटी, आख्यातप्रत्ययात उमटते. शालेय व्याकरणात विध्यर्थाचे कर्तव्य, इच्छा, योग्यता असे अर्थ सांगताना शक्यता आणि तर्क यांचा उल्लेख होतो खरा, पण तो यादीतील एक नोंद म्हणून. इंग्रजीच्या तासाला तिचा उपयोग व्हावयास हवा, तेथे ती पोहोचत नाही.

'होडी मुरुडला लागली असेल' आणि 'होडी मुरुडला लागली असावी' ही दोन वाक्ये पाहू. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी 'परहॅप्स' घालून काम भागविता येईल. मराठी कानाला मात्र त्यांतील भेद लगेच जाणवतो. 'असावी' म्हणणाऱ्याजवळ काही खूण आहे: वारा दक्षिणेला ढकलणारा होता, कोणीतरी शीड पाहिले, डिझेल तेवढेच होते. त्यावरून त्याने अनुमान केले आहे. 'असेल' म्हणणाऱ्याजवळ खूण असेलच असे नाही. त्याचे विधान भविष्यकाळाच्या रूपात आहे, पण भविष्याविषयी नाही; घडून गेलेल्या आणि अद्याप न कळलेल्या गोष्टीविषयी आहे. वादळी संध्याकाळी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बाईला शेजारीण 'लागली असेल गं कुठेतरी' म्हणते, 'लागली असावी' म्हणत नाही. 'असावी'ला पुरावा मागता येतो. 'असेल'ला तो कोणी मागत नाही. धीर देण्याचे काम 'असेल'च करू शकते. 'कदाचित होडी लागली आहे' असे तर त्या किनाऱ्यावर कोणीच म्हणणार नाही. ते वाक्य मराठी शब्दांचे असूनही मराठी नाही.

याला जोडूनच 'वाटते'चा विचार करावा लागतो. 'पाऊस आला वाटतं' या वाक्यात कौलावरचा आवाज ऐकू आलेला आहे, पण बाहेर जाऊन पाहिलेले नाही. 'पाऊस आला म्हणे' यात दुसऱ्याचा निरोप आहे. 'पाऊस आला की काय' यात भीती किंवा आश्चर्य आहे. 'न जाणो, पाऊस यायचा' यात सावधगिरी आहे, आणि छत्री घेण्याची सूचनाही. इंग्रजी क्रियाविशेषणांचा पट खात्रीच्या कमी-अधिकपणावर उभा आहे. मराठीतील या रचना खात्रीबरोबर खात्रीचे साधनही सांगतात, म्हणजे वक्त्याला हे कळले कशावरून, डोळ्यांनी, कानांनी, लोकांकडून की मनाने.

दुसरीकडे मराठीची एक उणीवही मान्य करावयास हवी. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीच्या वेळी चालत गाठता येतो. 'दुपारी ओहोटी लागेल' हे विधान तेथील माणूस करतो तेव्हा ते गणिताइतके पक्के असते. भरती-ओहोटीची कोष्टके कितीतरी आधी छापून ठेवता येतात. तोच माणूस त्याच दमात 'दुपारी पाऊस लागेल' म्हणतो, आणि हा मात्र निव्वळ अंदाज असतो. क्रियापद एक, प्रत्यय एक, वेळ एक. पण एका वाक्यावर विसंबून पाण्यात पाय टाकता येतो, दुसऱ्यावर नाही. बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांना समुद्र आणि आभाळ दोन्ही ठाऊक असल्याने घोटाळा होत नाही. वाक्य ओळखीच्या माणसाच्या तोंडून सुटून फलकावर किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गेले, की हा आधार सुटतो.

समीक्षेतील आणि अनुवादातील 'कदाचित'

इंग्रजीतील 'परहॅप्स' नेहमी शंकाच व्यक्त करतो असे नाही. पुष्कळदा तो केवळ सौजन्याचा असतो. 'परहॅप्स यू शुड सिट डाउन' याचे 'कदाचित तुम्ही बसायला हवे' हे भाषांतर अर्थशून्य होय. मराठीत येथे 'बसता का जरा?' किंवा 'बसलात तर बरे' असेच म्हणतात. अनुवादित कादंबऱ्यांतील पात्रे मात्र असे 'कदाचित' सर्रास बोलताना आढळतात, आणि ती मराठी बोलत असूनही परकी का वाटतात याचे एक कारण या छोट्या शब्दात सापडते.

समीक्षालेखनावरही या शब्दाची छाया पडली आहे. 'ही कदाचित त्या दशकातील सर्वोत्तम कादंबरी आहे' अशा वाक्यात लेखकाला खरोखर शंका नसते. त्याला विधान मवाळ करावयाचे असते. जुन्या मराठी समीक्षकांची यासाठी स्वतःची भाषा होती: 'असे म्हणावयास हरकत नाही', 'असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही', 'असे म्हणता येईल'. या शब्दप्रयोगांची पुढे चेष्टा झाली, ती काही अंशी रास्तही होती, कारण ते यांत्रिक झाले होते. पण त्यांत एक प्रामाणिकपणा होता. 'म्हणावयास हरकत नाही' असे लिहिणारा समीक्षक विधानाची जबाबदारी स्वतःकडे घेतो आणि हरकत घेण्यास वाचकाला वाव ठेवतो. 'कदाचित' लिहिणारा ती शंका कादंबरीच्या गुणवत्तेवरच टाकून मोकळा होतो. वृत्तपत्रांतील 'शक्यता नाकारता येत नाही' हे इंग्रजीवरून उचललेले वाक्य याच्या आणखी पुढचे. त्यात कोण नाकारत नाही हेही कळत नाही. 'असावा' या एका शब्दाचे काम तेथे चार शब्द करतात, आणि तेही अपुरे.

'लाइकली' आणि 'शक्यता'

हवामानाच्या भाषेत हा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. भारतीय हवामान विभागाच्या इंग्रजी अंदाजपत्रकांत 'लाइकली', 'व्हेरी लाइकली', 'मोस्ट लाइकली' हे शब्द सैलपणे वापरलेले नसतात. त्यांना आकडे नेमून दिलेले आहेत: 'लाइकली' म्हणजे शेकडा २५ ते ५० संभव, 'व्हेरी लाइकली' म्हणजे ५० ते ७५, आणि 'मोस्ट लाइकली' म्हणजे ७५ च्या वर. हवामानबदलाचा अभ्यास करणारी आंतरशासकीय समिती (आयपीसीसी) हाच 'लाइकली' शब्द शेकडा ६६ किंवा त्याहून अधिक संभवासाठी राखून ठेवते. इंग्रजीतच एका शब्दाचे दोन अर्थ झाले, तेथे भाषांतराची काय कथा! मराठीत बातमी येते तेव्हा या सर्वांसाठी सामान्यतः एकच वाक्यखंड असतो, 'शक्यता आहे' किंवा 'शक्यता वर्तविली आहे'.

आकड्यांसाठी शब्द नेमण्याची ही धडपड कशातून आली, हे सांगणारे एक उदाहरण बोधप्रद आहे. १९५१ मध्ये अमेरिकेच्या गुप्तवार्ता विश्लेषकांनी युगोस्लाव्हियावरील संभाव्य हल्ल्याविषयी अहवाल तयार केला आणि त्यात 'गंभीर शक्यता' असा शब्दप्रयोग केला. या कामाशी संबंधित असलेले शर्मन केंट यांनी सहकाऱ्यांना त्याचा आकड्यांतील अर्थ विचारला, तेव्हा उत्तरे शेकडा २० पासून ८० पर्यंत आली. एकाच मसुद्याला संमती देणाऱ्यांच्या मनात वेगवेगळी भविष्ये होती. केंट यांनी १९६४ मध्ये या विषयावर लिहिलेला निबंध आजही आधारभूत मानला जातो. तज्ज्ञांची ही अवस्था, तर श्रोत्याला दोष देता येत नाही.

'लाइकली'चा विभागीय अर्थ ध्यानी घेतला तर एक विलक्षण गोष्ट दिसते. शेकडा २५ ते ५० संभव असलेली घटना बहुतेक वेळा घडत नाही, आणि तरीही अंदाज अचूक असतो. मराठी श्रोत्याच्या कानी 'पावसाची शक्यता आहे' हे पडते तेव्हा तो 'पाऊस पडेल' असे ऐकतो, आणि पाऊस न पडल्यास हवामान खात्याची टिंगल करतो. या टिंगलीचा काही वाटा तरी भाषांतराच्या पदरी टाकला पाहिजे.

येथे एक विरोधाभास नोंदविण्यासारखा आहे. पाऊस किती ठिकाणी पडेल हे सांगण्यासाठी मराठी अंदाजपत्रकांनी चांगली श्रेणी घडविली आहे. 'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी', 'बऱ्याच ठिकाणी', 'बहुतांश ठिकाणी' हे शब्द नेमके आहेत, देशी आहेत आणि आता कानांच्या सवयीचेही झाले आहेत. जागेची श्रेणी जमली; संभवाची जमली नाही. 'तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता' या वाक्यातील 'तुरळक'ला मोजमाप आहे, 'शक्यता'ला नाही.

जून २०२० मधील 'निसर्ग' चक्रीवादळाच्या वेळी हे प्रकर्षाने दिसून आले. हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान, अलिबागच्या जवळ, ३ जूनच्या दुपारी वादळ किनारा ओलांडील, असा अंदाज विभागाने आधीच दिला होता आणि तो 'व्हेरी लाइकली' या शब्दांत होता. त्या दिवशी दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. किनाऱ्यावरील हजारो लोकांना प्रशासनाने आधी हलविले होते. हे श्रेय अंदाजाला आणि यंत्रणेला द्यावयास हवे. परंतु श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या आणि पोफळ नव्याने लावून उत्पन्न हाती येण्यास पाच-सात वर्षे लागतात. वाडी हलविता येत नाही हे खरे. उतरविता येण्याजोगा नारळ, बांधता येण्याजोगे छप्पर आणि ओढून घेता येण्याजोगी होडी यांचा निर्णय मात्र माणूस शब्द ऐकूनच घेतो. आदल्या आठवड्यात चार सरींसाठी वापरलेला 'शक्यता' हाच शब्द वादळासाठीही वापरला, तर त्या शब्दाने जागे होण्याचे कारण उरत नाही. तांबडा, नारिंगी, पिवळा अशा रंगांच्या इशाऱ्यांनी ही उणीव काही अंशी भरून काढली आहे. जे काम क्रियाविशेषणाने करावयाचे ते रंगाकडे गेले आहे.

'शक्यतो'चा घोटाळा याहून सूक्ष्म आणि अधिक धोक्याचा. कोशाच्या आधारे 'पॉसिबली'शी त्याचे नाते जोडले जाते, पण मराठीत 'शक्यतो' म्हणजे 'जमेल तितके', 'होता होईल तो'. 'नागरिकांनी शक्यतो समुद्रकिनारी जाऊ नये' अशी सूचना वाचणारा माणूस असा अर्थ घेतो की काम असल्यास जाण्यास प्रत्यवाय नाही. मनाईचे वाक्य विनंतीचे झाले. येथे लेखनिकाने सौजन्य दाखविले. भरतीला सौजन्य ठाऊक नसते.

यावर तोडगा म्हणून 'लाइकली'ला 'शक्यता', 'व्हेरी लाइकली'ला 'बहुधा' आणि 'मोस्ट लाइकली'ला 'जवळजवळ निश्चित' असे शब्द ठरवून द्यावेत, ही सूचना सहज सुचते. ती निर्दोष नाही. 'बहुधा' अद्याप आपला जुना अर्थ पुरता विसरलेला नाही. 'जूनमध्ये वारे बहुधा नैर्ऋत्येकडून वाहतात' या वाक्यात तो संभव सांगत नसून नित्याचा क्रम सांगतो, आणि 'उद्या वारे बहुधा नैर्ऋत्येकडून वाहतील' याचे दोन्ही अर्थ होऊ शकतात. त्यापेक्षा 'दाट शक्यता' हा लोकांनीच घडविलेला शब्दप्रयोग अधिक भरवशाचा आहे. 'दाट' हे विशेषण धुके, झाडी, वस्ती यांच्यासाठी किनाऱ्यावर रोज वापरात आहे आणि 'विरळ', 'तुरळक' यांच्याशी त्याचे नाते प्रत्येकाला कळते. त्याच्या जोडीला 'अशा चार दिवसांपैकी तीन दिवस पाऊस पडतो' असे साधे प्रमाण दिले, तर ते मासळीचे वाटे मोजणाऱ्या बाईला शेकडेवारीपेक्षा लवकर उमगेल. तिला व्याकरणही शिकवावे लागणार नाही. 'उद्या येशील का?' या प्रश्नाला 'बघू' असे उत्तर आले की त्यातला संभव किती, हे तिला कोशाशिवाय कळते.